दोन नरांचं घरटं

औषधांच्या दुकानाची मालकीण दारात आली ती हातात पक्ष्यांचं खोकं धरूनच, आणि चपला काढायच्या आधीच तिनं तक्रारीला तोंड फोडलं.

"काका, तुमच्या जोडीनं चौथं घरटं बांधलं. आणि अंडी किती, तर शून्य."

घरटं बांधण्यात कसूर म्हणाल तर तसूभर नाही, असं तिचं म्हणणं. दोघंही गवताच्या काड्या ओढून आणतात, दोघंही कापूस पसरतात, एकमेकांची पिसं विंचरतात आणि आत शिरून गुण्यागोविंदानं बसून राहतात. हौस दांडगी, पण घोडं कुठं पेंड खातंय ते काही कळत नाही. काकांनी खोक्याकडे असं पाहिलं की सगळा दोष त्या खोक्याचाच असावा. खायला काय घालतेस, उजेड किती तास असतो, पिंजरा सारखा इकडून तिकडे हलवतेस का, असे प्रश्न त्यांनी तिच्या तोंडाकडे रोखून बघत ओळीनं विचारले. तिनं चोख उत्तरं दिली. राळे, उकडलेलं अंडं, कवचाची पूड, सगळं वेळच्या वेळी. शेवटी काका म्हणाले, "ठेवून जा. बघतो."

त्या महिन्यातली ही तिसरी तक्रार होती. काकांची लेक तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात चहा पीत उभी होती. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून, पायाखालच्या जादा ब्रेकवर पाऊल ठेवून, लोकांच्या चुका बघत बसायचं हा तिचा धंदा. तिच्या मनात आलं, एक चूक म्हणजे चूक, पण एकाच वळणावर तीनदा चूक झाली तर शिकणाऱ्याला काहीतरी दिसत नसतं.

आता ह्या फिंच पक्ष्यांची गंमत अशी, की ह्या जातीत नर आणि मादी दिसायला सारखेच. तीच तपकिरी पाठ, तेच पांढरे ठिपके, तीच चोच. भल्याभल्यांनी भिंग लावून पाहिलं तरी पत्ता लागत नाही. फरक एकच, नर गातो आणि मादी गात नाही. तेही गाणं म्हणजे काही कोकिळेची तान नव्हे. चोचीतल्या चोचीत किरकिर, टिकटिक, मध्येच एक बारीक घुमणं, झालं. शेजारी कोणी वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी हुकेल असं.

आणि ते न हुकणारा माणूस म्हणजे काका, लेकीचे बाबा. तीस वर्षं त्यांनी लेथवर लाकूड कातलं. खुर्च्यांचे पाय, जिन्याचे कठडे, पाळण्यांचे दांडे. आणि चाळीस वर्षं फिंच पाळले. लोक पक्षी खोक्यात घालून त्यांच्याकडे आणायचे. बाबा एकेक पक्षी वेगळ्या पिंजऱ्यात सोडायचे, समोर स्टूल घ्यायचे, डोळे मिटून दहा मिनिटं बसायचे आणि निकाल द्यायचे. नर. मादी. चाळीस वर्षांत निकाल फिरला नव्हता. पक्षीमंडळातले लोक त्यांना कानसेन म्हणायचे, आणि बाबांना ते नाव स्वतःच्या नावापेक्षा लाडकं होतं.

दुसऱ्या दिवशी लेकीची सकाळची शिकवणी रद्द झाली. शिकणाऱ्याला ताप होता की भीती होती, देव जाणे. औषधवालीची जोडी तिच्या खोलीच्या खिडकीत ठेवलेली होती. ती पलंगावर आडवी पडून बघत होती. जोडीतला गडद पक्षी दांडीवर ताठ झाला, पोटाची पिसं फुगवून टम्म झाला आणि उड्या मारत गाऊ लागला. हा नर, ते सगळ्यांनाच माहीत होतं. मग तो थांबला. आणि दुसरा, फिकट, ज्याच्या पायात बाबांनी मादी म्हणून पिवळी कडी घातली होती, तो ताठ झाला, फुगला आणि त्यानंही गाणं म्हटलं.

लेक ताडकन उठून बसली. तिला आधी वाटलं, पहिलाच गात असेल. तिनं गडद पक्ष्याला हळूच दुसऱ्या पिंजऱ्यात घातलं आणि तो स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. परत येते तो फिकटाचं एकट्याचं गाणं जोरात चाललेलं. टिकटिक, किरकिर, घूं. तिला हसू आवरेना. चार घरटी बांधली बिचाऱ्यांनी, अंडं घालणार कोण? दोघंही नवरदेव. ती पिंजरा उचलून दोन-दोन पायऱ्या गाळत खाली धावली. कधी एकदा बाबांना सांगते असं तिला झालं होतं.

"बाबा, हा बघा, ही तुमची मादी."

बाबा स्टुलावर बसले. तिनं पिंजरा त्यांच्यासमोर ठेवला. फिकट पक्षी क्षणभर दबला, मग त्याला चेव आला. बाबांच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर तो घसा फुगवून गायला लागला. बाबांनी नेहमीसारखे डोळे मिटले होते. पक्षी गातोय, लेक ऐकतेय आणि बाबा शांत बसलेत, असं एक मिनिट गेलं. मग दोन. पक्षी दम खाऊन पुन्हा सुरू झाला.

बाबांनी डोळे उघडले. "बघ, चकार शब्द नाही. मादीच आहे. त्या बाईला म्हणावं, धीर धर."

लेकीनं पिंजरा उचलला आणि ती सरळ आईकडे गेली. आई ओट्यापाशी भाजी निवडत होती. लेकीनं दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात सांगितलं, बाबांना ऐकू येत नाही.

"मला सांगतेस?" आई म्हणाली. "तीन वर्षं झाली. मी काय हौसेनं ओरडून बोलते? शेजारीण म्हणते, म्हातारपणी हिचा तोंडाचा पट्टा वाढला. वाढेल नाहीतर काय."

"मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

आईनं देठ मोडायचं थांबवलं. "लेथ सुटला, कारखाना सुटला. आता ते एक स्टूल तेवढं राहिलंय. सांगितलं की त्यावरून उठतील, आणि मग बसतील कुठं?"

आणि रविवार तीन दिवसांवर आला होता. रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये मंडळाचा जोड्यांचा मेळावा. वर्षातून एकदाच भरायचा. सगळे सभासद आपापले एकटे पक्षी घेऊन यायचे, बाबांनी सगळ्यांसमोर नर-मादी सांगायचे आणि तिथंच जोड्या लावून द्यायच्या. यंदा चोवीस पक्ष्यांची नावं आली होती. तीन तक्रारी आतापर्यंत तीन घरांत राहिल्या होत्या. रविवारी चूक झाली असती तर सगळ्या मंडळासमोर झाली असती, आणि मग कोणी न उठवताही बाबा त्या स्टुलावरून कायमचे उठले असते.

लेकीनं रात्रभर शंभर युक्त्या योजल्या. मागं उभं राहायचं, पक्षी गायला की खांद्याला बोट लावायचं. किंवा खोकायचं, पण खोकला तरी कुठं ऐकू येणार होता. सकाळपर्यंत तिला सगळ्या युक्त्यांचा वीट आला. शिकणाऱ्याच्या नकळत ब्रेक दाबत राहिलं तर तो जन्मात गाडी शिकत नाही, हे ती रोज लोकांना सांगायची.

शुक्रवारी तिनं बाबांना गाडीत बसवलं. गाडी घरासमोरच उभी होती, इंजिन बंद. गाडीत बसवलं की माणसाला पाठ फिरवून निघून जाता येत नाही, हा तिचा अनुभव. तिनं त्यांच्याकडे तोंड करून सगळं सांगितलं. पिवळी कडी, दोन नर, समोर गाणारा पक्षी.

बाबांच्या नाकावर राग आला. "मला ऐकू येत नाही? मग तू आत्ता बोललीस ते काय मी हवेत वाचलं?"

लेकीनं तळहात तोंडावर ठेवला आणि त्याआडून एक साधं वाक्य म्हटलं. रोजच्याच आवाजात.

बाबा वाट बघत राहिले. मग त्यांना कळलं की वाक्य होऊन गेलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरला आणि त्या जागी काय आलं ते लेकीला बघवेना.

"हात काढ," बाबा म्हणाले. "काय म्हणालीस?"

"म्हटलं, मी आहे ना."

ते गाडीतून उतरले. दार लावायचंही त्यांना भान राहिलं नाही. घरात जाऊन त्यांनी फिकट पक्ष्याचा पिंजरा उचलला आणि मागच्या खोलीत कडी लावून घेतली. जेवायला बाहेर आले, कोणाशी बोलले नाहीत, परत आत गेले. आई म्हणाली, बघितलंस, म्हणूनच मी मूग गिळून बसले होते. लेकीला वाटलं, हात दाखवून अवलक्षण केलं आपण.

शनिवारी दुपारी मागच्या खोलीचं दार धाडकन उघडलं.

"दोघी या इकडं. लवकर."

आत खिडकीपाशी दोन पिंजरे शेजारी शेजारी ठेवले होते. एकात फिकट, दुसऱ्यात बाबांची स्वतःची मादी, तीनदा पिल्लं काढलेली, पक्की खात्रीची. मधल्या फटीवर एक पुठ्ठा. बाबांचे डोळे लाल झाले होते, पण चेहरा असा की लेथवर पहिला कठडा बिनचूक उतरवलेला पोरगा दिसावा.

"कालपासून ह्याला एकटा ठेवलाय. आता पुठ्ठा काढतो. तू डोळे मीट आणि ऐक," ते लेकीला म्हणाले. "गायला लागला की बोट वर, थांबला की खाली. मी बघतो. मीही तसंच करतो. आणि तू," ते आईला म्हणाले, "आमची बोटं बघ. तू पंच."

आईनं पदराला हात पुसले आणि ती दोघांच्या मध्ये उभी राहिली. बाबांनी पुठ्ठा ओढला. लेकीनं डोळे मिटले. क्षणभर काहीच नाही. मग टिकटिक सुरू झाली, तिचं बोट वर गेलं. थांबली, बोट खाली. पुन्हा सुरू, पुन्हा वर. बराच वेळ असं चाललं. शेवटी तिला राहवेना, तिनं विचारलं, "आई, काय झालं?"

"गप्प बस, मोजतेय," आई म्हणाली. "सोळा वेळा. सोळाही वेळा बोटं बरोबर. एकदा तर ह्यांचं तुझ्या आधी गेलं."

लेकीनं डोळे उघडले. बाबा पिंजऱ्याला नाक लावून बसले होते आणि भराभर बोलत होते, कोण ऐकतंय याची पर्वा नव्हती. घसा बघ, इथं, चोचीच्या खाली, पिसं कशी थरथरतात. सुरू करण्याआधी तो मान वर खेचतो, बघ, आत्ता. मग पोट फुगवतो, मग उडी, दर उडीला अंग थोडं वळवतो. नुसता फुगला आणि घसा हलला नाही तर ती ऐट, गाणं नव्हे. हे सगळं कालपासून मी बघतोय. चाळीस वर्षं ऐन वेळेला डोळे मिटत आलो मी. नाच म्हणजे गाण्याचा बडेजाव, त्यात काय बघायचं, असं वाटायचं.

"आणि ही," ते दुसऱ्या पिंजऱ्याकडे वळले. त्यांचा आवाज खाली आला. "हिला बघ."

मादी फटीजवळच्या दांडीवर खाली दबून बसली होती. अंग आडवं, मान पुढं, आणि शेपूट इतकं झरझर थरथरत होतं की त्याची कड दिसत नव्हती.

"ही हो म्हणते आहे. हे मी ऐकून होतो, कधी नीट पाहिलं नव्हतं. जो गाईल तो नर, उरली ती मादी, घाला एकत्र. ती तयार आहे का, तिचं वय झालंय का, पिसं गाळतेय का, कोणी विचारलं? मी तरी नाही. हिच्या जातीला मी चाळीस वर्षांत एक प्रश्न विचारला नाही."

"आम्हाला तरी कुठं कोणी विचारलं होतं," आई म्हणाली. ते बाबांनी तिच्या ओठांवरून वाचलं आणि बऱ्याच दिवसांनी हसले.

रविवारी हॉल गच्च भरला होता. झाकलेले चोवीस छोटे पिंजरे तासभर आधीच वेगवेगळे मांडून ठेवायला बाबांनी सांगितलं होतं, कारण थोडा वेळ एकटा राहिलेला नर दुसरा पक्षी दिसताच गायला लागतो. मंडळाचे सेक्रेटरी गोल चेहऱ्याचे, बोलायला मोकळे. त्यांनी स्टूल मधोमध मांडलं आणि म्हणाले, "शांतता. आता कानसेन डोळे मिटणार."

बाबा स्टुलापाशी गेले, पण बसले नाहीत. हे बापलेकीचं ठरलेलं नव्हतं.

"मला ऐकू येत नाही," बाबा म्हणाले. "काही वर्षं झाली. यंदा मी तीन घरांत चुकीच्या जोड्या दिल्या. ह्या बाईंना तर दोन नर दिले." त्यांनी औषधवालीकडे हात केला. "चूक माझी होती. तुमच्या खाण्याची नाही आणि उजेडाचीही नाही."

हॉलमध्ये कुजबुज उठली. मागून कोणीतरी विचारलं, मग आता जोड्या कोण लावणार? बाबांना ते ऐकू गेलं नाही, पण प्रश्न कोणत्या तोंडातून आला ते त्यांनी पाहिलं.

"मीच लावणार. डोळे उघडे ठेवून. माझी लेक डोळे मिटून ऐकेल आणि बोट वर करेल. आमची बोटं जुळली नाहीत तर मी आजच हे स्टूल सेक्रेटरींच्या घरी पोचवतो."

औषधवालीनं पहिल्या पिंजऱ्यावरचं कापड काढून तो दुसऱ्या पक्ष्यासमोर ठेवला. लेक खुर्चीत डोळे मिटून बसली. तिच्यासाठी सगळा हॉल अंधार झाला आणि त्यात फक्त एक बारीक टिकटिक उरली. बोट वर. लोकांचा एक दबका हुंकार आला, आणि त्यावरून तिला कळलं की बाबांचंही वर आहे. दुसरा, तिसरा. पाचव्यापर्यंत लोक पुढं सरकले, दहाव्याला खुर्च्या सोडून उभे राहिले. बाबा नुसतं नर-मादी सांगून थांबत नव्हते. हिला दोन महिने थांबवा, ही पिसं गाळतेय. हा अजून लेकरू आहे, गाणं अर्धंच येतंय. ही बघा, शेपूट बघा, हिला आजच जोडी द्या, उद्या काड्या गोळा करेल. औषधवालीच्या फिकट नराला तीच मादी मिळाली आणि बाई डोळ्यांत पाणी आणून हसत सुटली. तेवीस पिंजरे झाले, तेवीसही जुळले.

चोविसावा सेक्रेटरींचा होता, जवळजवळ पांढरा पक्षी. "ही मादी आहे," सेक्रेटरी म्हणाले. "सहा महिने माझ्या खोलीत आहे. एकदाही तोंड उघडलेलं नाही. हिच्यासाठी नर तेवढा द्या."

लेकीनं डोळे मिटले. काही नाही. तिनं श्वास रोखला. तरी काही नाही. मग हॉलमध्ये एकदम चुळबुळ झाली. तिनं डोळे उघडले. बाबांचं बोट वर होतं.

तिचा पाय आपोआप फरशीवर दाबला गेला, ब्रेक दाबावा तसा. पण ब्रेक नव्हता.

"नर," बाबा म्हणाले.

सेक्रेटरी हसले, वाईट हेतूनं नव्हे. "कानसेन, तेवीस बरोबर आले, त्यातच समाधान माना. ही गात नाही."

"गातोय. आत्ता गातोय. घसा बघा त्याचा."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. लेकीला काहीही ऐकू येत नव्हतं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत विनवणी नव्हती, चक्क खात्री होती. ती उठली. "पंखे बंद करा," ती म्हणाली. कोणीतरी बटणं दाबली. पाती फिरून फिरून थांबली. तिनं पिंजऱ्याजवळ गुडघे टेकले आणि जाळीला कान लावला.

अगदी आत, खोल कुठंतरी, एक सळसळ होती. बोटांनी रेशीम चोळल्यासारखी. ती थांबली. तिनं मान न हलवता वर पाहिलं, बाबांचं बोट खाली आलेलं होतं. सळसळ पुन्हा सुरू झाली. बोट वर गेलं.

तिनं आपलं बोट वर केलं.

सेक्रेटरी धावत आले, त्यांनी दुसऱ्या बाजूनं कान लावला आणि बराच वेळ तसेच राहिले. उठले आणि त्यांनी स्वतःचं बोट वर केलं. मग एकच गलका झाला. लोक बाबांच्या पाठीवर थापा मारत होते, कोणी त्यांचा हात सोडत नव्हतं, औषधवाली लेकीच्या आईला मिठी मारून रडत होती.

बाबा त्या सगळ्यांतून वाट काढत लेकीसमोर आले आणि स्टूल ओढून तिच्या पुढ्यात बसले.

"कसं आहे गं त्याचं गाणं?" त्यांनी विचारलं.

तिनं सांगितलं. सुरुवातीला दोनदा सळसळतो, मग तीन टिचक्या, मग एक लांब घुमणं, शेवटी श्वास सोडावा तसं. बाबा तिच्या ओठांवरची नजर काढत नव्हते.

"परत सांग," ते म्हणाले. "सावकाश."